आधी पोच घ्या, मग भाषण

प्रवेशाची धावपळ संपली की बेळगाव, खानापूरच्या कॉलेजांत सूचनाफलकावर एकदम चार-पाच कागद लागतात: एनएसएस, एनसीसी, क्रीडा विभाग, मराठी वाङ्मय मंडळ. सगळीकडे नाव घालून ठेवणारे दिवाळीनंतर कुठंच दिसत नाहीत. एक निवडा, फार तर दोन.

एनसीसी करायची तर पहिल्याच वर्षी शिरा. 'सी', म्हणजे सगळ्यात वरच्या, सर्टिफिकेटची परीक्षा तिसऱ्या वर्षी असते आणि परेडला ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळे दुसऱ्या वर्षी आलेल्याचं गणित बसत नाही. एनएसएसचा हिशेब सरळ आहे: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर. तास वहीत त्याच दिवशी लिहून कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यायची.

वाङ्मय मंडळाला असा ठरलेला साचा नाही. म्हणून ते कुठं वर्षभर चालतं, तर कुठं २७ फेब्रुवारीच्या मराठी दिनापुरतं जागं होतं. कर्नाटकात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद असल्यानं पदं बहुधा गुणांवरून किंवा प्राध्यापकांच्या पसंतीनं मिळतात. सचिवपदाच्या मागं लागू नका. खजिनदाराचं काम मागून घ्या. ते कुणालाच नको असतं, आणि मंडळ कसं चालतं हे कळतं ते तिथंच.

मंडळाचा कार्यक्रम करायचा तर सगळ्यात जास्त गोष्टी अडतात त्या परवानगीच्या अर्जावर. कारकून तुमच्याशी मराठीत बोलला तरी फाईल कन्नडमधूनच पुढं सरकते. म्हणून प्राचार्यांच्या नावे अर्ज करताना विषय, तारीख, वेळ आणि हॉल एवढं तरी कन्नडमध्ये लिहून घ्या; कन्नड चांगलं येणारी एखादी मैत्रीण वर्गात असतेच. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन ती परत आणायची. ही पोच हातात नसेल तर ऐनवेळी हॉल दुसऱ्या विभागाला जातो आणि भांडायला तोंड राहत नाही. (निपाणीच्या पोरांची गोष्ट वेगळी. देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाखाली. गावाची वेस ओलांडली की कचेरीची भाषाच बदलते.)

पैशाचं म्हणाल तर आधी उचल घ्यावी लागते आणि नंतर पावत्या जोडाव्या लागतात. कोऱ्या कागदावरचं चहा-नाश्त्याचं बिल परत येतं; त्यावर हॉटेलचा शिक्का हवा. मानधन ५,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. ती सही पाहुणे चहा पीत असतानाच घ्या. ते कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर आठवली तर सहीसाठी शंभर-सव्वाशे किलोमीटर कोण जाणार?

तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर गावाकडंही बघा. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, आसपास परवानगी मागूच नये. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तेव्हा बंदोबस्त आणि वाहतूक, दोन्हींचा ताप असतो. २७ फेब्रुवारीला तर सगळ्यांनाच कोल्हापूरचा वक्ता हवा असतो. आठवडाभर आधी कार्यक्रम धरला तर चांगला माणूस मिळतो, मराठी दिन काही रागावत नाही. वेळ सकाळी अकराची. कडोली, उचगाव, खानापूरकडची मुलं बसच्या पासवर येतात, चारच्या गाडीची वेळ झाली की पुढच्या रांगेसकट हॉल रिकामा होतो. म्हणून दीडपर्यंत आभार उरकायचे आणि पाहुण्यांची ओळख तीन मिनिटांत आटपायची. आपल्याकडं ओळखच व्याख्यानाएवढी लांबते, हा जुना रोग आहे.

बॅनर कापडी करा, फ्लेक्सवर राज्यात बंदी आहे. आठ बाय चार फूट पुरतो. कॉलेजचं नाव कन्नडमध्येही घाला, म्हणजे कुणी बोट दाखवायला येत नाही. इथले बरेच डीटीपीवाले कन्नडच्या सरावाचे; व्हॉट्सॲपवरचा मराठी मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये टाकला की 'ऱ्य' हमखास मोडतो आणि 'विद्यार्थ्यांच्या'चं काहीतरी भलतंच होतं. मजकूर पीडीएफ करून द्या आणि छपाईआधी प्रूफ स्वतः दुकानात जाऊन वाचा. मोबाईलवरच्या फोटोत अनुस्वार दिसत नाहीत.

वक्ते शोधायला कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीच्या साहित्य संमेलनांसारखी दुसरी जागा नाही. तिथं स्वयंसेवक म्हणून जा, खुर्च्या लावा, जेवणाच्या पंगतीत वाढा. नंतर फोन केला की लेखक ओळख देतात.

पोचींची फाईल, पावतीपुस्तक, शिल्लक आणि वक्त्यांच्या नंबरांची वही शेवटच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच मागून येणाऱ्या वर्गाच्या हाती द्या, आणि दिल्याची सही त्यांच्याकडून घ्या.