नारळ, टोपी आणि गेम

विलीनीकरणाच्या घोषणेत 'सिनर्जी' (दोन कंपन्या एक झाल्याने होणारा फायदा) हा शब्द दिसला की समजावं, वर्षाला किती खर्च वाचवायचा तो आकडा आधीच ठरलाय. दोन कंपन्यांचे ग्राहक आणि उत्पादनं एकत्र आणायला वेळ लागतो; दोन हिशेब विभागांचा एक करायला तेवढा लागत नाही. म्हणून पहिली कात्री बहुधा हिशेब, एचआर, खरेदी, आयटी यांच्यावर चालते. पण तेवढ्यावर थांबेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी १३ ऑक्टोबर २०२३ला ताब्यात घेतली आणि २५ जानेवारी २०२४ला गेमिंग विभागातल्या १,९०० जणांची कपात जाहीर केली.

पदं दोन, खुर्ची एक, तर कुणीतरी जाणार. राग येतो तो पद्धतीचा, आणि कँटीनची भाषा त्या बाबतीत एचआरच्या भाषेपेक्षा प्रामाणिक आहे. 'नारळ दिला' म्हणजे निदान उघड निरोप. 'पत्ता कट' त्याआधीच होतो: बैठकांची बोलावणी थांबतात, आपलं काम समोरच्या टीमला 'समजावून सांगा' म्हणतात. डेटा नव्या प्रणालीत जाईपर्यंत थांबण्यासाठी बोनस देऊ केला, तर त्याची तारीख हीच आपली शेवटची तारीख धरून चालावं.

सगळ्यात महाग पडते ती 'टोपी'. "राजीनामा द्या, अनुभवपत्र छान देऊ." एकदा स्वतःहून राजीनामा लिहून दिला की कपातीच्या भरपाईचा दावा लंगडा होतो. 'गेम' मात्र फार उशिरा कळतो. नव्या कंपनीच्या नेमणूकपत्रात रुजू झाल्याची मूळ तारीख नसते, मागची सेवा धरली जाईल असं वाक्यही नसतं. पुढच्या कपातीत भरपाई मोजताना जुनी वर्षं गायब.

त्यामुळे त्याच दिवशी सही नको. हा राजीनामा की कपात, निवडीचे निकष काय, सेवा कुठपासून मोजली, शिल्लक रजेचं आणि देऊ केलेल्या पण अजून हाती न आलेल्या शेअर्सचं काय, हे ईमेलवर विचारावं. नेमणूकपत्र, पगारपावत्या, मूल्यांकनाची पत्रं लॉगिन बंद व्हायच्या आत स्वतःकडे हवीत. कंपनीच्या फायली मात्र उचलू नयेत, त्यांना आयतंच कारण मिळतं.

आणि तक्रारीत 'माझा गेम केला' लिहून काही हाती लागत नाही. "अमुक तारखेला माझं पद रद्द झाल्याचं कळवलं, त्याच कामासाठी अमुक तारखेला दुसऱ्याची नेमणूक झाली, दोन्ही पत्रं सोबत जोडली आहेत," असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं.