तुम्ही विचारलंत म्हणून : हे 'पुटपुटणं' कसं काय ऐकवतं?

माझे हेडफोन कुणी जरा वेळ कानाला लावले की ठरलेला प्रश्न येतो : "तुम्ही नव्वदीतलं रॅप ऐकून वाढलेले. तुम्हाला हे मम्बल रॅप कसं चालतं? एक शब्द तरी कळतो का?"

मम्बल म्हणजे पुटपुटणं. २०१६ मध्ये रॅपर विझ खलिफाने न्यूयॉर्कच्या एका रेडिओ मुलाखतीत हा शब्द वापरला आणि तो सगळ्यांच्या तोंडी बसला. माझ्याही. त्याच वर्षी डिझायनर नावाच्या रॅपरचं 'पांडा' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मी वही घेऊन बसलो, तीनदा ऐकलं, तरी निम्मे शब्द हाती लागले नाहीत. वैतागून चार लोकांना सांगितलं, रॅप संपलं आता.

मग मिगोस ऐकले. अटलांटाच्या या तिघांच्या माथीही हाच शिक्का. पण २०१३ चं त्यांचं 'वर्साची' एकदा लावा. टेबलावर बोटांनी संथ चार मात्रा धरा आणि प्रत्येक मात्रेत 'तकिट' बसवा. तकिट, तकिट, तकिट, तकिट. आता 'तकिट'च्या जागी 'वर्साची' म्हणा. गाण्याचं धृपद झालं तयार! चारच्या ठेक्यावर तीनचे तुकडे, आपल्याकडच्या तिस्र जातीसारखे. जीभ जरा जड पडली की लय सुटलीच. पुटपुटणाऱ्याचं हे काम नव्हे. ही चाल मिगोसनी शोधलेली नाही. मेम्फिसचे थ्री सिक्स माफिया नव्वदच्या दशकातच ती वापरत होते. तेव्हा तिला कुणी पुटपुटणं म्हटलं नाही.

अटलांटाचाच रॅपर फ्यूचर, त्याची गोष्ट वेगळी. तो शब्द खरंच विरघळवतो, वर ऑटो-ट्यूनचा, म्हणजे आवाज यंत्राने सुरात बसवण्याचा मुलामा. पण २०१७ चं 'मास्क ऑफ' ऐका. मागे बासरीचा एकच तुकडा फिरत राहतो आणि हा नशेच्या गोळ्यांची नावं घेत जातो, अर्धवट झोपेत बोलल्यासारखा. तिथे खणखणीत उच्चार केले असते तर खोटे वाटले असते. (शब्द कळत नाहीत ही तक्रार करणारे माझे काका बड्या ख्यालाला चाळीस मिनिटं डोळे मिटून बसतात. बंदिशीचे शब्द विचारले की हसतात.)

आणि हा फ्यूचर आला कुठून? अटलांटातल्या 'डंजन फॅमिली'तून. म्हणजे एका घराच्या तळघरात जमणाऱ्या ज्या टोळक्यातून आउटकास्ट ही नावाजलेली रॅप-जोडी आली, त्यातूनच. त्या टोळक्याचा म्होरक्या रिको वेड हा नात्याने फ्यूचरचा भाऊ. शब्दांचे कारागीर म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांच्याच घरचा हा पोरगा. आउटकास्टची तरी काय कौतुकं झाली होती सुरुवातीला? १९९५ च्या सोर्स या रॅप मासिकाच्या पुरस्कारांत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. तेव्हा त्या जोडीतला आंद्रे माइकवर एवढंच म्हणाला, की दक्षिणेलाही (म्हणजे अटलांटाकडच्या अमेरिकेलाही) काही सांगायचंय. मला वाटतं, 'मम्बल' या शब्दात त्या हुर्योचा थोडा अंश अजून उरलाय. दक्षिणेच्या हेलाची सवय नसलेल्या कानाला तो हेल म्हणजे आळशी जीभ वाटतो.

हे मला जरा लवकर कळायला हवं होतं. बीडहून पुण्यात शिकायला आलो तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत उतरलो होतो. परीक्षकांच्या कागदावर माझ्या नावापुढे शेरा होता : 'उच्चार अस्पष्ट'. मी 'पानी' म्हणालो होतो. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, चांगलं ठणठणीत 'पानी'. तरी अस्पष्ट!

म्हणून हा शब्द मी सोडला. त्यात किचकट लयकारी करणारे मिगोस, झिंगलेला फ्यूचर आणि सुरात चिरकणारा रॅपर यंग थग हे सगळे एका पोत्यात भरले जातात, आणि त्यांच्यात सारखं काय, तर ऐकणाऱ्याला कळलं नाही एवढंच.

कंटाळवाणी गाणी या पिढीतही ढिगाने आहेत, नाही कशाला म्हणू? 'पांडा' मी आजही शेवटपर्यंत ऐकत नाही. शब्द लागत नाहीत हे त्याचं कारण नाही. ते आता इंटरनेटवर वाचलेत. डिझायनर ब्रुकलिनचा. त्याने अटलांटाच्या फ्यूचरचा आवाज जसाच्या तसा उचलला, त्या आवाजातलं दुखणं मात्र तिथेच राहिलं.