‘एक हात अजून मारून देतो, मॅडम’

गाडी काळी आहे, हे आधी सांगायला हवं. पॉलिशच्या नावाखाली झालेलं हेच नुकसान पांढऱ्या गाडीवर असतं तर बहुधा माझ्या लक्षातही आलं नसतं, आणि सर्व्हिस सेंटरवाले बऱ्याचदा त्याच भरवशावर असतात.

तीन वर्षांची गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला दिली होती. बाणेरच्या बाजूला, महामार्गालगत, कंपनीचंच अधिकृत ठिकाण. जॉब कार्ड भरताना अ‍ॅडव्हायझरने रिवाजाप्रमाणे एकेक गोष्ट पुढे सरकवली: एसीची सफाई, इंजिन ड्रेसिंग, ‘एक्स्टीरिअर ट्रीटमेंट’, म्हणजे बाहेरून मशीनने पॉलिश. दिवाळी तोंडावर आली होती, आणि आमच्या सोसायटीत टँकरच्या पाण्याने गाड्या धुतल्या जातात, त्यामुळे बॉनेटवर पांढरे क्षारांचे डाग बसले होते. ट्रीटमेंटला हो म्हटलं. ४,२०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,९५६. बिलावर ही ओळ वेगळी छापलेली होती, ते पुढे फार उपयोगी पडलं.

गाडी संध्याकाळी ताब्यात मिळाली, ट्यूबलाइटखाली, टायरला काळं तेल फासून. तेव्हा सगळं चकचकीतच दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पौड रोडवर सिग्नलला उभी असताना कोवळं ऊन तिरकं बॉनेटवर आलं आणि काय झालंय ते दिसलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघांचं जाळं. त्यावर रुंद, धुरकट पट्टे, डोकं हलवलं की तेही सरकत. खाली उतरून पाहिलं तर डाव्या हेडलाइटच्या वर, बॉनेटची कड जिथे वळते तिथे, बोटभर लांबीचा मंद, चमक गेलेला डाग. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आणि कंपनीच्या लोगोच्या खाचांत कंपाउंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, वाळून पांढरं झालेलं.

या तीन गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि भांडायला जाण्याआधी ती समजून घेतली हे बरं झालं. बारीक गोल रेघा येतात त्या मळक्या फडक्याने. एकाच बादलीतलं पाणी, त्यात दहा गाड्यांची माती, आणि तेच फडकं जमिनीवर पडून पुन्हा छतावर. रेघा खरं तर गोल नसतातच, वाटेल त्या दिशेला गेलेल्या असतात, पण प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात म्हणून प्रकाशाभोवती वर्तुळं दिसतात. धुरकट पट्टे म्हणजे होलोग्राम. एकाच दिशेने गरगर फिरणारं रोटरी मशीन, त्याला लोकरीचा पॅड, वर जाडं कंपाउंड, आणि नंतर बारीक पॉलिशने ते साफ करायचा कंटाळा, यातून ते येतात. कडेवरचा डाग मात्र जळका होता. बफिंग मशीन कडेवर टेकवून धरलं की तिथे सगळा दाब आणि उष्णता एका रेषेत जमते आणि वरचा थर निघून जातो. चांगला माणूस मशीन लावण्याआधी सगळ्या कडांवर आणि प्लॅस्टिकवर मास्किंग टेप मारतो. इथे टेपचा तुकडाही लागलेला नव्हता, लोगोतलं पांढरं कंपाउंड तेच सांगत होतं.

अ‍ॅडव्हायझरचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. “मॅडम, हे आधीचंच असणार. काळ्या गाडीला होतंच.”

मी जॉब कार्ड पुढे केलं. त्यावर गाडीचं चित्र छापलेलं असतं, आधीचे चरे-पोचे त्यावर खुणा करून नोंदवायचे असतात. त्याने स्वतःच्या हाताने मागच्या बंपरवर एक फुली मारली होती आणि बाकी चित्र कोरं ठेवलं होतं. गाडी आत घेताना त्यांचाच माणूस टॅबवर चारी बाजूंनी फोटो काढतो, तेही मागितले. “सिस्टीममध्ये असतील, बघायला लागेल” असं म्हणून तो आत गेला आणि वर्कशॉप मॅनेजरला घेऊन आला.

मॅनेजर अतिशय गोड माणूस. बॉनेटवर तळवा फिरवला, मान हलवली आणि म्हणाला, “काही नाही हो, एक हात अजून मारून देतो, मॅडम. अर्ध्या तासात क्लिअर.”

बहुतेक गाड्यांचं खरं नुकसान या वाक्यानंतर होतं, असं माझं आता ठाम मत आहे.

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात: गंज रोखणारा ईडी कोट, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडचे पेंटर लॅकर म्हणतात. चारही मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच, उन्हापासून संरक्षणही त्याचंच. पॉलिश म्हणजे हाच थर झिजवून रेघेच्या तळाइतका खाली आणणं. पॉलिशने रंगात काही भरलं जात नाही, फक्त कमी होतं. त्यामुळे ज्या माणसाने मळक्या फडक्याने आणि लोकरीच्या पॅडने हे करून ठेवलं, त्याच माणसाच्या हातून त्याच मशीनने आणखी एकदा घासून घेणं म्हणजे उरलासुरला थरही देऊन टाकणं. नाहीतर ते ग्लेझ, म्हणजे रेघा तात्पुरत्या झाकणारं तेलकट मिश्रण, फासतात. त्यातलं तेल रेघांत बसतं, गाडी सुंदर दिसते आणि चारदोन वेळा धुतली की सगळं पुन्हा वर.

मी नाही म्हटलं. मग दुसरा प्रस्ताव आला, आवाज जरा खाली करून. “बॉनेट इन्शुरन्समध्ये बसवून देतो. झाडाची फांदी पडली असं लिहू. नवीन पेंट होऊन जाईल, तुमचा एक रुपया जाणार नाही.”

एक रुपया नाही, बरेच गेले असते. क्लेममध्ये सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढे पैसे आपणच भरायचे, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. ती फार मोठी नाही. पण तीन वर्षं क्लेम न करून जमलेला ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर आला असता. शिवाय न पडलेल्या फांदीवर सही माझी. चूक त्यांची, भरपाई विमा कंपनीची आणि खोटं माझ्या नावावर, अशी ही सोय होती. कितीजण ती मुकाट्याने घेत असतील कोण जाणे.

तिथून निघाले ती धायरीला, आमच्या ओळखीच्या पेंटर मामांकडे. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण वडिलांच्या फियाटपासून आमच्या घरच्या गाड्यांना हात त्यांचाच. त्यांनी आधी बॉनेटवर पाणी ओतलं. “ओल्यात जी रेघ दिसेनाशी होते ना ताई, ती लॅकरमधली. ती निघते. नख अडकतं ती खोल, तिच्या नादी लागायचं नाही.” मग कडेवरच्या डागावर पाणी टाकलं. क्षणभर काळा झाला आणि वाळताच पुन्हा मंद. “इथलं लॅकर गेलं. आता पॉलिश मारलं तर फडक्याला काळा रंग येईल.” आणि लगेच पुढे, “पण मी सांगून ते ऐकणार नाहीत. मीटर लावून घ्या.”

पेंटची जाडी मोजायचं मीटर हे खिशात मावणारं यंत्र. पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर साधं मीटर चालत नाही. शिवाय ते सगळ्या थरांची एकूण जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. म्हणून नुसता एक आकडा घेऊन उपयोग नसतो, तुलना लागते. कोथरूडमधल्या एका डिटेलिंग स्टुडिओने, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्या दुकानाने, पैसे घेऊन रीतसर मोजणी करून दिली, लेटरहेडवर. छत ११८ मायक्रॉन. दोन्ही फेंडर ११२ ते १२०. बॉनेटचा मधला भाग १०४ ते १०८. बॉनेटची उजवी कड १०९, आणि बरोबर त्याच जागी डावी कड ७१. एका बाजूला क्लिअर कोट आहे, दुसऱ्या बाजूला नाही, हे या दोन आकड्यांनी सांगितलं. “काळ्या गाडीला होतंच” हे उत्तर यापुढे चालणार नव्हतं.

स्टुडिओतल्या मुलाने आणखी एक गोष्ट केली. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून बॉनेटचा अर्धा भाग पुसला. ग्लेझचं तेल निघून गेल्यावर त्या अर्ध्या भागातल्या रेघा दुपटीने दिसायला लागल्या. तो फोटो सगळ्यात बोलका निघाला.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात सांगते. ईमेल केला: जॉब कार्ड, बिल, फोटो, मोजणी, आणि आत घेतानाच्या त्यांच्या फोटोंची लेखी मागणी. कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवली. तिथे आठवडाभर “आम्ही डीलरशी बोलत आहोत” आणि मग ‘तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले’ असा मेसेज. समाधान कोणाचं, ते लिहिलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ ला, तक्रार टाकली. मग वकील असलेल्या आतेभावाकडून नोटिशीचा मसुदा नीट करून घेतला आणि ती पोस्टाने पाठवली.

नोटिशीत त्याने एक मुद्दा आवर्जून घातला. ट्रीटमेंट ‘मोफत’ नव्हती, तिचे ४,९५६ रुपये घेतले होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली कसूर, त्यामुळे फुकट दिलेल्या सेवेची सबब त्यांना उरत नाही. जिल्हा आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते, तक्रारदार जिथे राहतो तिथेच ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी फी लागत नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यातच सुरू झाली, पण वर्कशॉप मॅनेजरला ते ठाऊक असावं असं वाटलं नाही. नोटिशीतला ‘जिल्हा आयोग’ हा शब्द मात्र त्याला लगेच कळला. जनरल मॅनेजरचा फोन आला.

त्या बैठकीत त्यांचा पहिला देकार होता पूर्ण गाडीला मोफत सिरॅमिक कोटिंग. ऐकायला भारी वाटतं. पण कोटिंग पारदर्शक असतं, खालच्या रेघा तशाच राहतात, फक्त त्यांच्यावर झाकण बसतं. दुसरा देकार: “मग पूर्ण गाडीच रंगवून देतो.” यावर माझे यजमान खूश झाले, मी नाही. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांना भाजला जातो. तिथे तेव्हा नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक, सीटा असतात, म्हणून वर्कशॉपच्या रंगकामाच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, ६० अंशांच्या आसपासच जाता येतं आणि रंगही वेगळा, हार्डनर घालून सुकणारा वापरावा लागतो. तो वाईट असतो असं नाही, पण मूळ रंग परत येत नाही. जळलेला एक भाग सोडून बाकी धडधाकट पॅनलचा मूळ रंग खरवडून काढायला मी का देऊ?

शेवटी ठरलं ते असं. फक्त बॉनेट रंगवायचं, त्यांच्या बूथमध्ये, पण मी सांगितलेल्या दिवशी आणि काम चालू असताना मला आत सोडून. बाकी पॅनलचं काम कोथरूडच्या स्टुडिओत, खर्च डीलरचा. तिथे गरगर फिरता फिरता डुलणारं, दुहेरी हालचालीचं मशीन, फोमचा पॅड आणि सौम्य पॉलिश वापरलं, आणि रेघा ‘पूर्ण घालवायच्या नाहीत, जेवढ्या सहज जातील तेवढ्याच’ असं मीच सांगितलं. छतावर दोन खोल रेघा अजून आहेत. त्या तशाच राहतील. ट्रीटमेंटचे ४,९५६ परत आले.

सहीसाठी पुढे आलेल्या कागदावर ‘सदिच्छा म्हणून’ आणि ‘सर्व दावे कायमचे संपुष्टात’ असे शब्द होते. काम होऊन, उन्हात बघून झाल्याशिवाय सही नाही म्हटलं. ते मानलं. रंगवलेल्या बॉनेटवर किमान महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग काही लावायचं नसतं, रंगातलं द्रावक उडून जायला वेळ लागतो. तिथेही त्यांचा माणूस डिलिव्हरीच्या आधी पॉलिशची बाटली घेऊन हजर होता. हात धरून थांबवावं लागलं.

मिळालं नाही ते म्हणजे पुनर्विक्रीतल्या नुकसानीचे पैसे. जुनी गाडी घेणारे आता मीटर घेऊनच येतात. बॉनेटवर त्यांना २०० च्या वरचा आकडा दिसेल आणि ते म्हणतील अ‍ॅक्सिडेंटची गाडी. पैसे देत नाही म्हणाले तेव्हा मी पत्र मागितलं: ‘पॉलिशिंगच्या कामात पृष्ठभागाला इजा झाल्याने बॉनेट पुन्हा रंगवले, अपघात नाही.’ लेटरहेड, शिक्का, चासी क्रमांक. पैशांपेक्षा या चार ओळींसाठी जास्त घासाघीस झाली, कारण त्यात ‘इजा’ हा शब्द त्यांना नको होता. तो ठेवायला लावला. पत्र आता आरसी आणि पीयूसीच्या फोल्डरमध्ये आहे.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर मी स्वतः लिहिलं, ‘गाडी धुऊ नये, पुसू नये,’ आणि खाली अ‍ॅडव्हायझरची सही घेतली. गाडी आत गेली तशीच धुळीने माखलेली बाहेर आली. बिलात वॉशिंगचे पैसे मात्र लावलेले होते. ते कमी करून घेईपर्यंत काउंटरवर उभी राहिले.