लिनक्सच्या जाळ्यावर एक्सेल

सदाशिव पेठेतील आमच्या कर सल्लागार कार्यालयात सर्व संगणक विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि सांबा या जाळ्यावर फायली सामायिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत त्या वाटल्या जातात. अडते ते फक्त एक्सेलपाशी, कारण अशिलांच्या फायलींत व्हीबीए या ऑफिसच्या अंतर्गत भाषेत लिहिलेले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांचे संच, असतात आणि लिब्रेऑफिस या ऑफिसच्या मोफत पर्यायाला ते सगळेच पेलत नाहीत.

खुद्द एक्सेलच लिनक्सवर चालवायचे, तर एक मार्ग वाइनचा. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प म्हणजे आभासी संगणक नव्हे. एक्सेलने विंडोजकडे केलेली प्रत्येक मागणी तो लिनक्सला समजेल अशा मागणीत तिथल्या तिथे बदलतो, त्यामुळे वेग फारसा घटत नाही. ऑफिस २०१० त्यावर बऱ्यापैकी चालते, पण त्याची सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२० मध्येच थांबली, आणि नव्या आवृत्त्या वाइनला सहज दाद देत नाहीत.

शिवाय मंगल हा फाँट विंडोजसोबत येतो. लिनक्सवर त्याच्या जागी दुसरा आला की अक्षरांची रुंदी बदलते आणि ताळेबंदाची ‘एकूण’ची ओळ खुशाल पुढच्या पानावर जाऊन बसते.

माझ्या मते एकाच विंडोज सर्व्हरवर एक्सेल ठेवून ते रेमिना या, दूरचा संगणक आपल्या पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रॅममधून उघडणे अधिक शहाणपणाचे, जरी अशा जोडणीचे, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे, परवाने माणशी किंवा यंत्रागणिक वेगळे घ्यावे लागतात आणि तो खर्च मालकांच्या गळी उतरवणे हे तांत्रिक काम मुळीच नाही.