क्षितिज डावीकडे कललेलं

"विकलं जात नाही, तर प्रदर्शन कशाला भरवता?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो १९८६ साली, रेवसच्या धक्क्यावर, माझी चित्रं लाँचमध्ये चढवणाऱ्या हमालानं. शेवटचा विचारला गेल्या महिन्यात, अलिबागला एका शाळेच्या चित्रकला स्पर्धेत बक्षिसं वाटून झाल्यावर, आठवीतल्या एका मुलीनं. मधल्या काळात बँकेतल्या कॅशियरनं विचारून झालं, दोन्ही नणंदांनी विचारून झालं ("अजून चालूच आहे का गं तुझं ते?"). सगळ्यांत सरळ विचारते ती आमच्या शेजारची नाखवीण. "बाय, इकली जात नाय त नेतस कनाला?"

आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण ती आठवीतली मुलगी वही उघडून, पेनाचं टोपण काढून उभी होती. तिला "अगं, आनंद असतो" असलं काहीतरी सांगून कटवलं आणि घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत राहिली. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आधी पैशांचं उरकते. अकरा एकल प्रदर्शनं झाली. समूह प्रदर्शनं मोजलेली नाहीत. विकली गेली त्रेचाळीस चित्रं, त्यातली नऊ नात्यागोत्यातल्यांनी घेतली, तेव्हा ती धरू नका. दालनाचं आठवड्याचं भाडं, फ्रेमा, निमंत्रणपत्रिका, टेम्पो, लाँच, टॅक्सी, उद्घाटनाचा चहा हे सगळं धरून खर्च निघाला तो दोनदाच. बाकीच्या वेळी माझा शाळेतला पगार होता. पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचं, वर्षभर पानाफुलांची संकल्पचित्रं तपासायची आणि त्यातून साठवलेलं मुंबईच्या भिंतींवर टांगून यायचं. परवडतं का, याचं उत्तर नाही असं आहे.

आता खरं कारण. त्यासाठी आमचं घर समजून घ्यावं लागेल.

अलिबागजवळ थळला वाडीत आमचं कौलारू घर आहे. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पडवी दिली. फार मोठ्या मनानं दिली, कारण तिथं त्यांची सुकटीची मडकी आणि सरपण असे. पडवीची लांबी भरपूर, रुंदी सात फूट. घोडा, म्हणजे चित्र टेकवायचा लाकडी स्टँड, लावला की माझ्या पाठीशी भिंत आणि नाकासमोर चित्र. पाच फुटी कॅनव्हास मी चार फुटांवरून रंगवते, आणि तेवढ्यावरून तो कधीच अख्खा दिसत नाही. आज डावा कोपरा, उद्या उजवा. अंगणात नेऊन बघावं तर नारळांच्या झापांच्या सावल्या त्यावर नाचतात, आणि दुपारच्या उन्हात सगळे करडे रंग पांढरेफटक होतात. एकदा कोंबडी चढली होती. माझं चित्र मला लांबून बघायला मिळतं ते फक्त प्रदर्शनात, पंधरा-वीस फुटांवरून, आडवं काही न येता. त्यासाठी मी मुंबईला जाते.

हे मला तरी कुठे आधी ठाऊक होतं! पहिल्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कळलं. सात चित्रं होती, सगळी बांधांची. थळपासून थोडं आत गेलं की खारेपाट लागतो. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध, पाणी काढून द्यायला उघाड्या, आणि उधाणाला एखाद्या बांधाला खांड गेली की पुढची काही वर्षं ती शेतं नापीक. मला त्या बांधांच्या रेघेचं वेड लागलं होतं. खाली चिखल, वर आभाळ, मध्ये एक रेघ. सातही चित्रं ओळीनं टांगून झाली, मी दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले, वळले, आणि पोटात गोळा आला. सातही चित्रांतलं क्षितिज डावीकडे कललेलं. थोडंसंच, पण सगळ्यांत सारखं. वाटलं, खिळे चुकले. दालनातल्या माणसानं ओळंबा लावून दाखवला. फ्रेमा बरोबर होत्या.

घरी आल्यावर उलगडा झाला. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पडवीच्या जमिनीला एका बाजूनं उतार आहे. घोडा त्या उतारावर, म्हणजे कॅनव्हास मुळातच तिरका. मी डोळ्यांनी रेघ सरळ काढायची ती जगाच्या हिशेबानं सरळ, कॅनव्हासच्या हिशेबानं वाकडी. दोन वर्षं मी वाकडं रंगवत होते आणि चार फुटांवरून ते मला दिसलं नव्हतं. (त्या आठवड्यात एका गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की कललेल्या क्षितिजातून कोकणी स्त्रीची अस्वस्थता व्यक्त होते. मी त्यांचे आभार मानले.) पुढे घोड्याच्या एका पायाखाली फणसाच्या लाकडाची पाचर ठोकली. ती अजून आहे.

दुसरी अडचण पावसाची. तेलरंग वाळतात ते पाणी उडून जाऊन नव्हे. रंगातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं, आणि आमच्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते इतकं रेंगाळतं की श्रावणात लावलेला निळा गणपतीलाही बोटाला लागतो. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशी धरते ती वेगळीच. म्हणून मी तेलरंग दिवाळी ते मे आणि पावसाळाभर कागद-पेन्सिल असं वर्ष वाटून घेतलंय. मोठ्या दालनांत अर्ज केल्यावर तारीख मिळायला कित्येक वर्षं जातात. माझ्या एका प्रदर्शनाचा अर्ज केला तेव्हा लेक सहावीत होती, आणि तारीख आली तेव्हा ती कॉलेजातून मैत्रिणींना घेऊन आली. आलेली तारीख नेमकी जुलैतली असली तर डोक्याला हात लावायचा. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद, म्हणजे रेवसहून भाऊच्या धक्क्याला जायचं. ओहोटी लागलेली असली की पायऱ्यांवर शेवाळ आणि चिखल. सातवं प्रदर्शन असं नेलं. प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळलेली चौदा चित्रं, वर घोंगडी, आणि घोंगडीवर मी स्वतः बसलेली.

माझ्या आधीच्या चित्रकार बायकांनी काय काय सोसलं ते वाचलं की माझी लाँच म्हणजे चैन वाटते. अमृता शेर-गिल १९३६च्या सुमारास आपली चित्रं घेऊन दक्षिणेत हिंडली. हैदराबादला सालारजंग नवाबांनी चित्रं बघायला ठेवून घेतली आणि परत पाठवली. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या 'तीन मुली'ला सुवर्णपदक दिलं, त्याच वर्षी लाहोरला तिचं एकल प्रदर्शन झालं, आणि १९४१च्या डिसेंबरात ती गेलीसुद्धा. अठ्ठावीस वर्षांची. अठ्ठाविसाव्या वर्षी मी सुकटीची मडकी हलवत होते.

लांब पल्ल्याच्या म्हणाव्यात तर बी. प्रभा. नागपूरकडच्या बेल्याच्या. नागपूरला शिकून मग जे. जे.त आल्या. १९५६च्या प्रदर्शनातली त्यांची तीन चित्रं होमी भाभांनी घेतली. त्यानंतर २००१ साली जाईपर्यंत पन्नासावर प्रदर्शनांत त्यांची चित्रं लागली. विदर्भातल्या बाईनं आयुष्यभर रंगवल्या त्या मात्र आमच्या कोळणी: लांब माना, बारीक हातपाय, डोक्यावर पाटी, मागे एकाच रंगाचा सपाट विस्तार. मला त्यांचे रंग फार आवडतात. एकदा मासिकात छापलेलं त्यांचं चित्र मी नाखविणीला दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "एवरी सुकलेली कोलीन? ही पाटी कशी उचलल?" मी म्हटलं, अगं, तिचं दुःख दाखवलंय. "दुख हाय त हाय," ती म्हणाली, "पन दंडाला मास नको?" बी. प्रभांवरची याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. कौतुकही वाचलेलं नाही, कारण नंतर ते पान तिनं मागून नेलं आणि तिच्या स्वयंपाकघरात लावलं.

आणि नसरीन मोहमदी. यांच्याबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो. किहीम म्हटलं की बाहेरच्यांना बंगले आठवतात, फार तर सलीम अलींनी तिथं सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला ते. त्याच किहीमला नसरीनबाईंच्या घरच्यांचं घर होतं. जन्म १९३७चा, कराचीतला. वाढल्या मुंबईत, शिकल्या लंडनला आणि पॅरिसला, १९७२ पासून बडोद्याला शिकवत होत्या, आणि १९९० साली किहीमलाच गेल्या. थळहून किहीम सायकलवरचं अंतर. त्या गेल्या त्या दिवसांत मी शाळेचे निकाल लावत असेन. पलीकडच्या गावात कोण होतं हे मला कळेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं.

पुढे त्यांचा एक कागद मुंबईत बघायला मिळाला. सवयीनं मी आधी दालनाच्या टोकाला गेले. तिथून काहीच दिसेना, करडा धूसर कागद नुसता. चार पावलं पुढे आले तेव्हा रेघा उमटल्या. अगदी जवळ गेले तेव्हा कळलं की दोन रेघांमधलं अंतर केसाकेसानं वाढत चाललंय, ओहोटीचं पाणी वाळूवर खुणा ठेवत मागे जातं तसं. नाव नाही, तारीख नाही. शेवटच्या वर्षांत आजारानं त्यांचा हातापायांवरचा ताबा सुटत चालला होता, पण रेघ हललेली नाही. माझं चित्र मला लांबून बघावं लागतं, त्यांचं नाक लावून. त्यांना पडवी पुरली असती. हयातीत त्यांची प्रदर्शनं थोडीच झाली, स्वतः काढलेले फोटो तर त्यांनी कधी मांडलेच नाहीत. पुढे २००७ साली जर्मनीत, कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या कलाप्रदर्शनात त्या रेघा लागल्या, २०१५ साली माद्रिदला, आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं मेट ब्रॉयर ही शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्या होत्या. म्हणून जेव्हा कुणी मला 'प्रदर्शनांची मोठी कारकीर्द' असं काही म्हणतं, तेव्हा मी किहीमच्या दिशेला बघते. अकरा प्रदर्शनांचं मग फार काही वाटत नाही.

अकरावं २०२३ साली झालं. आता मांडव्याहून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. २०२० साली मार्चमध्ये सुरू झाली आणि दहा दिवसांत टाळेबंदी लागली, पण आता टेम्पोच्या टेम्पो बोटीत चढतो आणि मी वर बसून चहा पिते. या खेपेला नाखवीण म्हणाली, मीपन येतंय. "बगू तरी, नेतस कुटं." अंबाडा, गजरा, ठेवणीतलं लुगडं. दालनात शिरली आणि पहिल्याच चित्राशी जाऊन, बाजारात म्हावरं बघतात तशी, वाकून कॅनव्हास बघू लागली. रंग खवल्यासारखा वर आलाय म्हणाली. मी तिला म्हटलं, मागे हो. ती दोन पावलं मागे झाली. अजून मागे. तिथं सुटाबुटातले दोघे उभे होते, त्यांना कोपरानं बाजूला सारून ती पार समोरच्या भिंतीला टेकली.

"आरं," ती म्हणाली. "ह्यो त आपला बांध."

मी काही बोलले नाही. ती अजून बघतच होती. मग हात लांब करून दाखवत म्हणाली, "पन उघारी तू हिकरं काडलीस. ती तिकरं हाय, वराच्या आंगाला."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन बघून आले. तिचंच बरोबर होतं.