तुम्ही विचारलंत म्हणून: हा डाग कोडाचाच आहे का?

मला कोड आहे, हातांवर आणि ओठाच्या कडेला, त्यामुळे ओळखीत कुणालाही अंगावर कुठे पांढरं दिसलं की पहिला फोटो मला येतो आणि खाली प्रश्न, "हे तुझ्यासारखंच का गं?" मी डॉक्टर नाही हो, आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तर सगळंच पांढरं दिसतं.

पण विचारलंच आहे तर रंगाआधी कडा बघा. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, कडा रेखल्यासारखी स्पष्ट, त्वचा मात्र मऊ, कोंडा नाही खपली नाही, आणि बरेचदा जोडीने येतो, म्हणजे डाव्या कोपरावर आला की उजव्यावरही. शिबं वेगळी, ती छाती-पाठीवर, नुसती फिकट, आणि नखाने हलकं खरवडलं की बारीक भुसा निघतो. ती एक बुरशी, मॅलॅसेझिया, एरवीही सगळ्यांच्या अंगावर असतेच, घाम आणि तेलकटपणा मिळाला की माजते. औषधाने ती मरते पण रंग भरायला काही महिने जातात, आणि लोक इथेच "क्रीम फालतू आहे" म्हणून मोकळे होतात.

लहान मुलांच्या गालावरचे पुसट कोरडे चट्टे बहुतेक वेळा आपोआप जातात, उगाच जंताचं औषध पाजत बसू नका. वय झाल्यावर नडगीवर येणारे बारीक पांढरे ठिपके, तेही सोडून द्या.

सोडायचा नाही तो बधिर डाग. डोळे मिटून कापसाचा धागा फिरवा, कळला नाही तर लगेच दाखवा, कारण तो कुष्ठरोग असू शकतो आणि 6 किंवा 12 महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. बरं, धागा कळला तरी डाग दाखवायचाच, सुरुवातीला कधीकधी संवेदना शाबूत असते.

डॉक्टर अंधार करून वूड्स लॅम्प धरतात, त्यात कोड निळसर पांढरं चमकतं, शिबं बरेचदा पिवळट. माझ्या हातावर तो दिवा धरला तेव्हा मला दिसत होते 2 डाग, आणि चमकले 5.

आणि हो, ओठाजवळचा पहिला डाग मी स्वतः शिबं समजून 3 महिने बुरशीचं क्रीम चोळत होते. भुसा कधीच निघाला नव्हता, पण खरवडून बघायचं सुचलं कुणाला!