चौथं बोट

ऑगस्टात सांगलीच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं पहिलीतल्या पोरालाही पाठ. त्या दिवशी मला मात्र वेगळीच घाई होती. पाणी वाढून शाळेला सुट्टी लागायच्या आत नववीच्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासायच्या होत्या. ४२ आल्या, एक नाही. कुणाची, ते बघायचीही गरज नव्हती.

"वही कुठाय?"

"लिहिलीय की बाई. घरात राह्यली."

जूनपासून हेच. तोंडी विचारा, हा सगळ्यांच्या आधी उत्तर देणार. पण पेन नाही, डबा घरी, पेपरात शेवटचे दोन प्रश्न कोरे. पोरगा थापा मारतोय, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आवाज चढवला आणि सगळ्या वर्गासमोर दप्तर टेबलावर ओतायला लावलं. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

आधी डब्याचं झाकण पडलं, नुसतं झाकण. मग चुरगळलेले भूमितीचे कागद. आईची सही घेतलेली, पण शाळेत कधी न दिलेली संमतीची चिठ्ठी. मराठीच्या बाईंनी महिनाभर मागितलेला निबंध, पुरा, सुवाच्य. आणि तळाशी पावसानं फुगलेली प्रयोगवही, तीन प्रयोग लिहिलेली. तो माझ्याइतकाच चकित होऊन तिच्याकडं बघत होता. खोटं बोलताना पकडलेल्या पोराचा चेहरा असा नसतो.

एका प्रशिक्षणात 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' हा शब्द ऐकला होता आणि बाकीच्या शब्दांबरोबर विसरलेही होते. सांगितलेलं काम डोक्यात धरून ठेवणं, मन मधेच भरकटलं तर आवरणं, कुठून सुरू करायचं ते ठरवणं, बेत फसला तर दुसरा धरणं, ही सगळी त्यातच येतात. मेंदूचा जो पुढचा भाग हे सांभाळतो तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि सगळ्यांचा एकाच वेगानं नाही. यात मागं असणं हा काही आजार नव्हे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांत हे बरेचदा दिसतं, पण हे दिसलं म्हणून ते असेलच असंही नाही. ते तज्ज्ञांनी ठरवायचं. मी घाईघाईनं 'आळशी' ठरवलं होतं, तेवढं मात्र माझं.

वडिलांना बोलावलं. एसटीत कंडक्टर आहेत, ड्युटी संपवून खाकीतच आले. मला वाटलं पोराला दोन ठेवून देतील. ते हसले.

"मॅडम, माझ्यावर गेलाय. नवीन होतो तेव्हा एकदा कॅशबॅग डेपोत ठेवूनच गाडीत चढलो. तवापासून दारात उभा राहून बोटं मोजतो." आणि मोजून दाखवली. मशीन, बॅग, वेबिल, बिल्ला.

"मग पोराला का नाही शिकवलंत?"

"हे शिकवायचं असतं होय?"

मीही कुठं शिकवलं होतं! रोज 'वही पूर्ण करून आण' म्हणायचे. चार शब्दांत किती कामं कोंबलीत, हे मला दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत १५ मिनिटं माझ्या टेबलाशी. पूर्ण वही नाही, आज फक्त आकृती. उद्या कृती. निघताना चार बोटं: पेन, डबा, वही, बाईंचं टेबल. आठ प्रयोग बाकी होते. त्यानं आपल्या आपण वहीच्या पुठ्ठ्याच्या आत पुलावरच्यासारखी फुटांची पट्टी रंगवली. एक प्रयोग बाकी म्हणजे पाच फूट. सुरुवातच ४० ला, इशाऱ्यावर! मी हे सुचवलं नव्हतं, मला सुचलंही नसतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एक आठवडा पाणी तसूभर उतरलं नाही, उलट मी नवा प्रयोग घेतला तेव्हा पाच फूट चढलं. एकदा तर पट्टी रंगवत बसला आणि आकृती राहिलीच. माझाही पारा दोनदा चढला.

परवा कॉरिडॉरमधून ओरडत आला, "बाई, दहा फूट!"

"शाब्बास! दाखव."

त्यानं बोटं मोजली. चौथ्यावर अडकला, रिकाम्या हातांकडं बघितलं आणि वर्गाकडं पळाला.